'उद्या या' बंद करताना: मोटर वर्कशॉपच्या दहा आठवड्यांच्या नोंदी

६ जानेवारी, सोमवार

आमचं मोटर रिवाइंडिंग (मोटरमधली जळालेली तार काढून नवी भरणं) आणि पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. काउंटरवर बाबा, वाइंडिंगला काका (नात्यातले नव्हेत, पण मी शाळेत असल्यापासून त्याच स्टुलावर बसतायत), फिटिंगला दोन पोरं. हिशेब, खरेदी आणि फोन माझ्याकडे. इथे काम चांगलं होतं असं लोक म्हणतात. वेळेवर होतं असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

परवा शनिवारी एक जुनं गिऱ्हाईक मोटर न्यायला तिसऱ्यांदा आलं. मोटर तिसऱ्यांदाही तयार नव्हती. बाबा नेहमीच्या सुरात म्हणाले, "उद्या नक्की." उद्या रविवार, वर्कशॉप बंद, हे त्यांच्याही लक्षात नव्हतं. ते गृहस्थ माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "ताई, उशीर चालला असता. पण तीन वेळा गाडी काढून आलो मी." मग उघडलेली मोटर, सुटे बोल्ट पिशवीत भरून, तशीच घेऊन गेले. आरडाओरडा केला असता तर मी दोन दिवसांत विसरले असते.

म्हणून आजपासून एक वही. आपल्यापैकी कुणीही बाहेरच्या माणसाला 'करतो, बघतो, पाठवतो, कळवतो' असं काही म्हणालं की ते वहीत लिहायचं: कोण म्हणालं, कुणाला, काय आणि कधीपर्यंत. पाळलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. आठवडाभर काहीही सुधारायचं नाही, नुसतं मोजायचं. पोरांनी वहीला 'शब्दवही' नाव ठेवलंय.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत माझेच चार शब्द लिहायचे राहिले. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी आठवतं की आपण 'पाच मिनिटांत सांगते' म्हणालो होतो.

११ जानेवारी, शनिवार

आठवड्याचा हिशेब: ६३ शब्द दिले, २७ पाळले.

मला वाटलं होतं सगळा घोळ डिलिव्हरीच्या तारखांचा असेल. तारखा २२ दिल्या, त्यातल्या ६ पाळल्या. वाईटच. पण 'परत फोन करतो' हा शब्द त्याहून जास्त वेळा दिला गेला, २४ वेळा, आणि ९ वेळा पाळला. साइटवर येऊन बघायचे ८ शब्द होते, ५ पाळले. किरकोळ ९, म्हणजे बिलाची प्रत पाठवणं, जुना पार्ट ठेवून देणं वगैरे. त्यातले ७ पाळले.

फोनच्या १५ फुल्या मी एकेक करून बघितल्या. त्यात अवघड एकही नव्हता. प्रत्येकी दोन मिनिटांचं काम. १५पैकी ११ वेळा फोन न करण्याचं कारण एकच निघालं: सांगण्यासारखं काही नव्हतं. मोटर अजून उघडलेली नव्हती, किंवा पार्ट आलेला नव्हता, मग फोन करून सांगायचं काय, असं म्हणून राहिलं. तिकडे माणूस फोन घेऊन बसलेला.

पहिला धडा स्वतःपुरता: वही भरल्याशिवाय 'आमचा अंदाज' कुणाला सांगू नये. सुरुवातीला कुणी विचारलं असतं तर मी 'दहातले सात तरी पाळतो' म्हणाले असते.

१३ जानेवारी

बाबांशी वाजलं. त्यांचं म्हणणं, तीन-चार दिवस सांगावेच लागतात, नाही तर गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. मी म्हटलं, तीन-चार दिवसांत होतं तरी का ते बघू.

बिलबुकं काढली. गेल्या चार आठवड्यांत, म्हणजे कामाच्या २४ दिवसांत, ८६ बिलं. दिवसाला साधारण ३.६ नग बाहेर पडतात. आज आत पडलेले नग मोजले: ४१. भागिले ३.६, म्हणजे अकरा दिवसांच्या वर. नवी आलेली मोटर रांगेत शेवटी उभी राहिली तर तिला सरासरी एवढा वेळ लागणारच. काकांनी रात्रपाळी केली तरी चार दिवसांत होणं नाही. म्हणजे आमचा शब्द पाळताना मोडत नव्हता, काउंटरवर देतानाच तो मोडका होता. मागाहून समजलं की या हिशेबाला लिटलचा नियम म्हणतात आणि जॉन लिटल यांनी तो १९६१मध्ये गणिताने सिद्ध केला. आम्हाला भागाकार पुरला.

बाबा गप्प बसले. मग म्हणाले, "बरं, आता सगळ्यांना बारा दिवस सांगतो. बघ काय होतं ते."

१६ जानेवारी

काय व्हायचं तेच झालं. तीन दिवसांत तीन कामं परत गेली. दोन रिवाइंडिंगची होती, त्यांचं समजू शकते. तिसऱ्याचा फक्त कपॅसिटर गेला होता. वीस मिनिटांचं काम. तो हसतच निघाला, "कपॅसिटर बदलायला बारा दिवस?"

चूक माझी. सगळ्या कामांची एकच सरासरी काढली आणि तीच सगळ्यांच्या कपाळी मारली. आधी खोटं बोलून गिऱ्हाईक दुखवत होतो, आता खरं बोलून घालवतोय, असं काका म्हणाले. त्यांना हे म्हणताना फार मजा आली असावी.

१८ जानेवारी, शनिवार

वर्कशॉप बंद केल्यावर मी आणि पोरं रात्री साडेनऊपर्यंत थांबून प्रत्येक नगाला रंगीत चिठ्ठी बांधत होतो. आज आत ४० नग. त्यांचं चित्र असं निघालं:

९ मोटरी तयार होत्या, मालक न्यायला आलेले नाहीत. ७ खर्चाच्या अंदाजाला मालकाचा होकार मिळण्याची वाट बघत होत्या. ६ पार्टसाठी अडलेल्या. हात लावता येईल अशी कामं फक्त १८, त्यातली ११ रिवाइंडिंगची आणि ७ किरकोळ.

सोमवारचा भागाकार बरोबर होता, पण त्यात मी त्या नऊ तयार मोटरीही धरल्या होत्या. आणि होकाराची वाट बघणाऱ्या सातांत तर चौघांना आम्ही अंदाजच कळवलेला नव्हता. ते आमच्या फोनची वाट बघतायत, आम्ही त्यांच्या होकाराची, आणि मोटर मधे धूळ खातेय. एक तर १९ दिवस तशीच पडून होती. मी स्वतः त्या माणसाला 'बघून कळवते' म्हणाले होते.

मग एका शब्दाचे दोन केले. पहिला: मोटर आणल्यापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत उघडून, तपासून, काय झालंय आणि किती खर्च येईल ते कळवायचं. दुसरा: होकार मिळाल्याच्या दिवसापासून अमुक दिवसांत तयार. होकाराआधी डिलिव्हरीची तारीख तोंडातून काढायची नाही. लोकांना हे समजावताना वेळ जातो, पण पटतं. मोटर उघडल्याशिवाय आत काय जळलंय ते कुणाला दिसत नाही, हे त्यांनाही माहीत असतं.

२४ जानेवारी

'अमुक दिवस' म्हणजे किती, यात आठवडा गेला.

मागच्या ३० रिवाइंडिंग कामांच्या चिठ्ठ्या शोधल्या. होकाराची आणि तयार झाल्याची तारीख दोन्ही असलेल्या तेवढ्याच सापडल्या. सरासरी ५ दिवस. बाबा लगेच खूश, "पाच सांगू." पण तीसही आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावले तर पाच दिवसांत झालेली कामं जेमतेम निम्मी होती. सरासरी सांगायची म्हणजे नाणं उडवून शब्द द्यायचा. सत्ताविसावं काम आठव्या दिवशी झालं होतं. म्हणजे आठ दिवस सांगितले तर दहातली नऊ कामं वेळेत बसतील. राहिलेली तीन ९, १३ आणि १६ दिवसांची. तिन्ही पार्ट न मिळाल्याने अडलेली, त्यांचा विचार वेगळा करायचा.

ठरलं: रिवाइंडिंग आठ दिवस. बेअरिंग, सील, कपॅसिटर असली कामं दोन दिवस. किरकोळ कामं काकांकडे जाणारच नाहीत, पोरंच करतील. आधी सगळं एकाच रांगेत होतं, त्यामुळे वीस मिनिटांचं काम मोठ्या मोटरींच्या मागे आठवडाभर उभं राहायचं.

पार्टसाठी अडलेल्या सहांपैकी चार बेअरिंगचे होते, ६२०३ आणि ६२०४. रोज लागणारे नंबर, आणि तेच संपलेले. दोन उरले की मागवायचे, अशी खूण कपाटात केली. थोडे पैसे अडकले, पण त्यासाठी आणखी विचार करावा लागला नाही.

दोन गिऱ्हाइकं 'दुसरीकडे तीन दिवस सांगतात' म्हणून गेली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे.

३० जानेवारी

आज देण्याच्या चारही मोटरी आज दिल्या. एका मोटरीचं अगदी काठावर आलं होतं, पण साडेपाचला गेली. आठवड्यात तारखेची एकही फुली नाही. काकांना आणि पोरांना तासभर आधी सोडलं.

४ फेब्रुवारी

फोनचं प्रकरण अजून सुटलेलं नाही. करून बघितलेल्या गोष्टी:

'पाच मिनिटांत' आणि 'जरा वेळाने' हे शब्द बंद केले. हे जमलं. 'संध्याकाळी' बंद करायला वेळ लागला, कारण तो शब्द आपल्याला नेमका वाटतो. मी म्हणते संध्याकाळी आणि माझ्या डोक्यात सात असतात, समोरच्याच्या डोक्यात चार. आता 'पाच ते साडेपाच' असं सांगायचं.

बारा ते साडेबारा आणि पाच ते साडेपाच, या वेळांत मी फक्त फोन करते. काउंटरवर कुणीही आलं तरी उठत नाही. पहिल्या दिवशी उठले, दुसऱ्या दिवशी उठले, तिसऱ्या दिवशी खुर्ची आतल्या खोलीत नेली.

मग नवी अडचण: लोक फोन उचलत नाहीत. 'आम्ही केला होता' म्हणून बरोबरची खूण करायची का? दोन दिवस केली आणि मग ती खोटी वाटायला लागली. आता फोन लागला नाही तर मेसेज, आणि मेसेजमध्ये मूळ गोष्ट लिहायची: काय बिघडलंय, खर्च किती, पुढे काय ठरवायचंय. 'फोन करा' एवढंच लिहिलेला मेसेज धरायचा नाही. त्याने आपलं ओझं त्यांच्या डोक्यावर जातं.

काहीच कळलं नसेल तरी फोन करायचा, याची सवय सगळ्यात कठीण गेली. "पार्ट अजून आला नाही, उद्या बाराला पुन्हा सांगते," एवढं बोलायला लाज वाटते. पण नऊ जणांना केला तर नऊपैकी सहा 'बरं झालं सांगितलंत' म्हणाले, दोन 'हं' म्हणाले, एक चिडले. चिडले ते फोन न करताही चिडलेच असते.

तारीख हुकणार असेल तर आदल्या दिवशी पाचच्या आत सांगायचं. त्या शनिवारच्या गृहस्थांनी दिलेला हा नियम आहे. माणसाने गाडी काढायच्या आधी कळलं पाहिजे. नंतर सांगितलं तर ती माफी झाली, निरोप नव्हे.

१० फेब्रुवारी, सोमवार

३० जानेवारीची नोंद पुसायची इच्छा झाली होती. ठेवली आहे.

'काठावर आलं होतं' ती मोटर आज परत आली, जळून. अकरा दिवस चालली. काकांनी उघडली आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवली.

झालं होतं ते असं. वाइंडिंग घालून झालं की स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा, तारा भरलेला भाग, वार्निशमध्ये बुडवतात आणि भट्टीत रात्रभर सुकवतात. वार्निशने तारा एकमेकींना चिकटून घट्ट बसतात, ओल आत शिरत नाही. आमच्या भट्टीत एका वेळी पाच स्टेटर मावतात. २९ तारखेला सहा होते. सहावा स्टेटर दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीत गेला आणि दुपारी तीनला मी तो बाहेर काढायला लावला, कारण साडेपाचची तारीख. काका म्हणाले होते, "अजून ओला आहे." मी म्हटलं, "मेगर लावून बघा." वाइंडिंगमधून वीज गळते का हे मोजणाऱ्या मेगरने ३ मेगओम दाखवले; आकडा जितका मोठा तितकं बरं. आमच्याकडे नव्या वाइंडिंगला शंभराच्या वर येतात. पोरांना मी सांगितलं, एकच्या वर आहे, चालेल. हे वाक्य मी वहीत लिहिलं नव्हतं.

एक शब्द पाळायला दुसरा मोडला. मोडलेला कुणाला दिला होता असंही नाही, कारण 'नीट सुकवून देऊ' असं कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. ते धरलेलंच असतं. तारीख हुकली की त्यांना त्याच दिवशी दिसते, ओलं वार्निश अकरा दिवसांनी. त्यामुळे दबाव आला की माणूस कुठे हात मारतो ते उघड आहे. वहीने तारखेवर सगळ्यांचे डोळे लावले, आणि मीच पहिली घसरले.

नुकसान: पूर्ण वाइंडिंग पुन्हा, तांबं आमचं, काकांचा अर्धा दिवस, भट्टीतली एक जागा. ज्यांची मोटर होती त्यांचं काम दीड दिवस बंद होतं. ते भरून देता येत नाही. आमच्याकडची एक जुनी मोटर तात्पुरती बसवून दिली, नेऊन बसवायला पोराचे तीन तास गेले. मी त्यांना कारण खरं ते सांगितलं: घाईत भट्टीतून लवकर काढली. बाबांना ते आवडलं नाही. 'व्होल्टेज वर-खाली झालं असेल' म्हणता आलं असतं, ते म्हणाले. येतंच. या धंद्यात व्होल्टेजवर ढकलता येणार नाही असं काही नाही.

बदल: चिठ्ठीवर दोन चौकटी वाढवल्या. भट्टीत गेल्याची आणि बाहेर काढल्याची वेळ, आणि पूर्ण थंड झाल्यावरचं मेगर रीडिंग. शंभराच्या खाली असेल तर मोटर बाहेर जात नाही, तारीख गेली तरी. नाही म्हणण्याचा अधिकार काकांचा, माझा नाही. आणि भट्टी पाचांचीच आहे, तेव्हा एका दिवसाला रिवाइंडिंगच्या पाचपेक्षा जास्त तारखा द्यायच्या नाहीत. हे साधं गणित मला २४ जानेवारीलाच दिसायला हवं होतं. काका दिवसाला दोनच मोटरी भरतात म्हणून भट्टी कधी अडेल असं वाटलंच नाही. पण साठलेलं काम पोरांच्या हातून एकदम पुढे सरकलं की सहावा स्टेटर येतोच.

१९ फेब्रुवारी

खर्चाच्या अंदाजाची गोष्ट. आमचा तोंडी अंदाज आणि अंतिम बिल यांत गेल्या महिन्यात सात ठिकाणी फरक पडला, सातही वेळा बिल जास्त. एका पंपाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) बेअरिंगच्या जागी झिजलेला निघाला. नवं बेअरिंग सैल बसलं असतं, म्हणून आम्ही शाफ्टची झिजलेली जागा भरून, लेथवर कातून दिला. काम योग्यच होतं. पण विचारलं नव्हतं. मालक म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी नवाच पंप घेतला असता." पैसे अंदाजाइतकेच घेतले, लेथचा खर्च आमच्या अंगावर.

आता अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यायचा. दहा टक्क्यांपर्यंत वाढला तर आमचं आम्ही बघू. त्याच्या पुढे जाणार असेल तर हातातलं काम थांबवून फोन. काम थांबवणं पोरांना जड जातं, मोटर उघडी टाकून दुसरी घ्यावी लागते. अजून त्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही, दोनदा विसरले.

याच निमित्ताने तांब्याचा विषय निघाला. जळालेल्या वाइंडिंगचं जुनं तांबं भंगारात जातं आणि त्याला भाव असतो. ते कुणाचं? आमच्याकडे न बोलता ठेवून घ्यायची पद्धत. गिऱ्हाईक विचारत नाही, पण मनात धरतं. मी बारा जणांना मुद्दाम विचारलं. आठ जणांना माहीत होतं, तिघांनी तर 'तुम्ही सगळेच ठेवता' असं सरळ सांगितलं. आता जुन्या तांब्याचं वजन चिठ्ठीवर लिहितो. हवं तर घेऊन जा, नको तर बिलातून वजा. नव्या तारेचा गेज (जाडी) आणि वजनही लिहितो, आणि त्याच तारेचा हातभर तुकडा पिशवीत टाकतो. ज्याला शंका असेल त्याने खरवडून बघावं तांबं आहे की ॲल्युमिनियमवर मुलामा. जुनं बेअरिंग, जुना कपॅसिटर त्याच पिशवीत.

या पिशवीचा खर्च जवळपास शून्य आहे, भंगाराच्या उत्पन्नाचा मात्र दणका बसला. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. पण पिशवी बघून लोक काउंटरवर जे प्रश्न विचारायचे ते कमी झालेत, हे त्यांनीच मला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

२७ फेब्रुवारी

वहीतल्या फुल्यांचा मालक कोण ते बघितलं. तारखेच्या उरलेल्या फुल्यांत अर्ध्याहून जास्त बाबांच्या. नियम सगळे ठरले, पण समोर ओळखीचा माणूस आला की त्यांच्या तोंडून 'तुमचं काय, परवा घेऊन जा' निघतंच. त्यांचाही दोष नाही. समोरच्याचा चेहरा खुलतो तो तेव्हाच खुलतो, आणि पडतो तेव्हा काउंटरवर मी असते. चाळीस वर्षं वेळ मारून नेण्याची सवय आहे, आणि वेळ मारून नेणं हीसुद्धा एक कला आहे, माझ्यात ती नाही.

आधी मी 'बाबांनी तारीख द्यायची नाही' असा नियम केला. तीन दिवस टिकला. काउंटरवर बसून तारीख द्यायची नाही म्हणजे मी काय शोभेला बसलोय का, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

मग उलट केलं. वही त्यांच्याच ताब्यात दिली. तारीख त्यांनी द्यायची, स्वतःच्या अक्षरात लिहायची, आणि ती हुकणार असेल तर आदल्या दिवशीचा फोनही त्यांनीच करायचा. पहिल्या आठवड्यात त्यांना असे चार फोन करावे लागले. चौथा त्यांच्या मित्राला होता. काल एक माणूस तारीख मागत होता तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून आत गेले, काकांना विचारलं, "भट्टीत जागा कधी आहे?" काकांनी मला खूण केली. मी फोनवर असल्याचं दाखवलं.

८ मार्च, शनिवार

वाईट आठवडा. सोमवारी काकांना ताप, गुरुवारपर्यंत येऊ शकले नाहीत. आठ मोटरींच्या तारखा एकदम कोसळल्या. सोमवारीच, बारा वाजताच्या वेळेत, आम्ही आठही जणांना फोन केले, चार बाबांनी, चार मी. नवी तारीख देण्याचा मोह झाला, दिली नाही. "काका कामावर येतील त्या दिवशी तारीख सांगतो, आणि ते येवोत न येवोत, गुरुवारी पाचला फोन करतोच," एवढंच सांगितलं. सहा जण थांबले, एकाने मोटर नेली, एक भरपूर बोलले आणि थांबले.

गुरुवारी सातही फोन झाले, तारखा दिल्या. त्यातल्या दोन आज पुन्हा हुकतायत, कारण ताप उतरलेला माणूस पहिल्या दिवशी दोन मोटरी भरत नाही, हे मी धरलं नव्हतं. दुसऱ्यांदा फोन करताना आवाजच बसतो. चूक नीट निस्तरली की गिऱ्हाईक उलट जास्त पक्कं होतं, असं खूप ठिकाणी ऐकलं होतं. माझा अनुभव असा की पहिल्या वेळी तसं थोडंफार होतं. दुसऱ्या वेळी 'ठीक आहे' हे दोनच शब्द येतात आणि त्यांत काही पक्कं नसतं.

वाइंडिंग फक्त एका माणसाला येतं, ही अडचण वहीने सुटणारी नाही. थोरला पोरगा कालपासून काकांच्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसतोय.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा पूर्ण आठवडा मोजला. ४१ शब्द, ३६ पाळले. तारखा १७ पैकी १५, फोन १० पैकी ९, अंदाज ९ पैकी ८, किरकोळ ५ पैकी ४.

कामं जानेवारीइतकीच आहेत, शब्द मात्र ६३ वरून ४१ वर आलेत. सुधारणेचा मोठा वाटा तिथेच आहे. सगळ्यात जास्त घटले ते 'परत फोन करतो' हे शब्द, कारण लोकांना काय आणि कधी कळणार हे आधीच माहीत असतं, ते मधे विचारत नाहीत.

किंमत: दहा आठवड्यांत तारीख ऐकून ११ कामं दुसरीकडे गेली. त्यातल्या तिघांनी नंतर दुसरं काम आणलं. पहिल्या महिन्यात माझा रोज तास-सव्वा तास वहीत आणि फोनवर जायचा, आता पाऊण तास. भंगाराचं उत्पन्न जवळजवळ गेलं. एक वाइंडिंग फुकट, एक लेथचं काम फुकट. तयार होऊन पडलेल्या मोटरी ९ च्या ४ झाल्या, त्याचं कारण बहुधा असं की 'तयार आहे' म्हटल्यावर लोकांचा आता विश्वास बसतो आणि ते येतात. त्या शनिवारचे गृहस्थ परत आलेले नाहीत.

पाच फुल्यांतली किरकोळातली एक माझी. दुसऱ्या एका वर्कशॉपवाल्या ताईंना चिठ्ठीचा मजकूर सोमवारी पाठवते म्हणाले होते, आज शनिवार. त्यांना आत्ता पाठवला, इथेही देते. वर मोटर आणल्याची तारीख, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, आणि 'अंदाज उद्या ५ पर्यंत' हे छापलेलंच. मधे तपासणीत काय निघालं, अंदाज, आणि 'दहा टक्क्यांच्या वर गेल्यास आधी विचारू'. मग होकाराची तारीख आणि त्यापुढे तयार होण्याची तारीख, दोन्ही हाताने, शेजारी तारीख देणाऱ्याची सही. त्याखाली जुन्या तांब्याचं वजन, नव्या तारेचा गेज आणि वजन, भट्टीच्या दोन वेळा, मेगर रीडिंग आणि काकांची सही. मागच्या बाजूला कोरी जागा ठेवा, फोन केल्याच्या वेळा लिहायला. आम्ही ती पहिल्या छपाईत ठेवली नव्हती, दोनशे चिठ्ठ्या वाया गेल्या.